घोडा, मोटार आणि मौन

मोटारीचे आवाज ओळखणं हे नाडीपरीक्षेसारखंच शास्त्र आहे. आमच्या बोरिवलीचे मिस्त्री गाडीत बसतात, डोळे मिटतात आणि निदान सांगतात. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कट्‌कट् आलं तर ॲक्सलचा जॉइंट, सकाळी चालू करताना चिरकली तर पट्टा, ब्रेक दाबल्यावर किंचाळली तर पॅड. या शेवटच्या आवाजाबद्दल मला फार आदर आहे. कित्येक पॅडना पत्र्याची एक इवलीशी पट्टी मुद्दाम बसवलेली असते. पॅड झिजत आला की ती चकतीला घासून ओरडते. वेळेवर ओरडणं एवढंच तिचं काम. (बँकेत हे काम करणाऱ्याला किटकिट्या म्हणतात आणि त्याची बदली करतात.)

माझी गाडी मात्र गुणगुणायची. वेग वाढला की जास्त, उजवीकडे वळताना आणखी जास्त. "डाव्या चाकाचं बेअरिंग," मिस्त्री म्हणाले. आवाज चाळीसच्या पुढेच यायचा, म्हणजे कामाच्या दिवशी अंधेरी ते बोरिवली गाडी ठणठणीत!

"विकायचीच आहे ना साहेब? मग खर्च कशाला? गिऱ्हाईक आलं की रेडिओ लावा."

आता बी.कॉम.ला आम्ही १८७२ च्या करार कायद्याचं १७ वं कलम घोकलेलं. त्यात एक घोडा आहे. घोडा सदोष आहे हे ठाऊक असून मालक लिलावात गप्प बसला, तर ती फसवणूक नव्हे. मी खूश झालो. पण कलमाला शेपूट असतंच. घेणारी आपलीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणं भाग आहे. (दुसऱ्याच्या मुलीचं काय, ते साहेबाने मोघम ठेवलंय.) आणि ठाऊक असलेली गोष्ट खटपट करून झाकली, तर ती सरळसरळ फसवणूक.

म्हणजे गप्प बसायची मला मुभा होती, गाडीला गप्प बसवायची नव्हती. रेडिओ तर मी रोजच लावतो की, असं म्हणून पाहिलं. पण रोज तो माझ्या करमणुकीसाठी असतो, त्या दिवशी बेअरिंगसाठी असता. बटण तेच, गाणं तेच, आणि तरी एक करमणूक नि दुसरी लबाडी! हा फरक दाखवायला आमच्या लेजरमध्ये रकाना नाही. कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईत टॅक्सी म्हणून धावली. तिचे सगळे आवाज एकदम ऐकू यायचे. त्या बिचारीला काही लपवणं जमलंच नसतं.

मुलुंडहून एक मुलगा आला. नवी नोकरी, सोबत आई. आम्ही गोरेगाव-मुलुंड लिंक रोडला लागलो. रेडिओ बंद. गाडीने आपलं गुणगुणणं सुरू केलं. पोराला वाटलं, रस्ताच खराब!

"काका," तो म्हणाला, "गाडीत काही प्रॉब्लेम नसेल तर तुम्ही काही बोलूच नका. मी समजून घेईन."

त्याने कायदा वाचलेला नसणार. पण कलमातलं पुढचं उदाहरण नेमकं हेच आहे. असं विचारल्यावर धरलेलं मौन म्हणजे बोलणंच.

"बेअरिंग," मी म्हणालो.

त्याने चार हजार कमी केले. रात्री हिला मी सबंध कलम समजावून सांगितलं. हिने शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो," ती म्हणाली, "तो घोडा कितीला गेला, ते दिलंय का त्यात?"