दुपारचे पालक

२०२४च्या श्रावणात उज्जैनच्या जिल्हा प्रशासनानं शाळांची साप्ताहिक सुट्टी रविवारवरून सोमवारवर नेली. सोमवारी महाकालाची सवारी निघते, रस्ते अडतात, मुलं गर्दीत अडकू नयेत हा हेतू. मुलं सोमवारी घरी आणि आईवडील बँकेत, दुकानात किंवा इंदूरच्या नोकरीवर. दहा-बारा वर्षांच्या मुलांजवळ दिवसभर कोण राहणार, हा प्रश्न फ्रीगंजातल्या मराठी घरांनाही पडणारच. तो फक्त सवारीचा नाही, रोजच्या दुपारचा आहे.

आपल्याकडे बालसंगोपनाची व्यवस्था सहाव्या वर्षी संपते. अंगणवाडी सहा वर्षांपर्यंत. सरकारी ‘पाळणा’ योजनाही सहा महिने ते सहा वर्षांसाठी. पुढं २००९चा शिक्षणहक्क कायदा चौदाव्या वर्षापर्यंत साथ देतो, पण शाळा सुटेपर्यंतच. दुपारी दोन ते संध्याकाळी सात हे तास कुणाच्याच खात्यात नाहीत. तिथं आजी, शेजारच्या काकू, ट्यूशन आणि मोबाइल यांवर भागवलं जातं. ते जमेनासं झालं की कामाच्या मावशी किंवा कॉलेजात शिकणारी एखादी ताई शोधली जाते.

तिच्याकडून आपण काय मागतो? पोळ्या, गृहपाठ, मोबाइलवर पहारा आणि वर ‘जरा लक्ष ठेवा’. हे लक्ष म्हणजे नेमकं काय, ते कुणी सांगत नाही. तान्ह्या बाळाला सांभाळणं हे बरंचसं हातांचं काम असतं. अकरा वर्षांच्या मुलाला सांभाळणं हे निर्णयाचं काम आहे: कुठं सोडायचं, कुठं अडवायचं, कधी कानाडोळा करायचा.

मोठी मुलं परक्याच्या हवाली करण्याची एक प्रसिद्ध कथा उज्जैनचीच आहे. कृष्ण आणि सुदामा तिथल्या सांदीपनी गुरूंच्या आश्रमात शिकत होते. भागवताच्या दशम स्कंधात कृष्ण सुदाम्याला जुनी आठवण सांगतो: गुरुपत्नीनं सरपणासाठी रानात पाठवलं, वादळ झालं, अंधार पडला, पाण्यानं वाटा बुजल्या, एकमेकांचा हात धरून रात्र काढली. सूर्योदयाला सांदीपनी स्वतः शोधत आले आणि त्यांनी मुलांना आशीर्वाद दिला. शिक्षा, उलटतपासणी काही नाही. याच गुरूंनी पुढं दक्षिणा म्हणून प्रभासच्या समुद्रात गमावलेला आपला मुलगा परत मागितला. मूल हरवणं म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या घरातूनही मुलं रानात जात होती.

आजच्या सांभाळणाऱ्यानं सकाळपर्यंत थांबून चालणार नाही, हे उघड आहे. पण या कथेत तीन अपेक्षा दडल्या आहेत. पहिली, मुलाला खरं काम मिळावं: दूध आणणं, भात लावणं, धाकट्याला वाढणं. दुसरी, मूल कुठं आहे आणि कधी परतणार हे सांभाळणाऱ्याला ठाऊक असावं, आणि उशीर झाला तर त्यानं उठून बाहेर पडावं. सायकलवरून मित्राकडे जायला हरकत नाही; क्षिप्रेच्या घाटावर मोठं माणूस सोबत असल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. तिसरी, चूक झाली तर मुलाला ती घरी सांगायची भीती वाटू नये.

यातूनच गुपितांचा प्रश्न येतो. मैत्रिणीशी भांडण झालं, गणितात कमी गुण पडले, हे मुलीनं ताईला विश्वासानं सांगितलं तर ते तिथंच राहू द्यावं. जिवाला, शरीराला धोका असेल तर मात्र त्याच दिवशी आईवडिलांना कळायला हवं. ही सीमा पहिल्याच दिवशी मुलासमोर बोलून घ्यावी, म्हणजे पुढं चहाडीचा आरोप येत नाही. तसंच मुलाला हेही माहीत हवं, की सांभाळणाऱ्याबद्दल काही खटकलं तर ते सांगता येतं. घरात नाही जमलं तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

पालकांकडूनही काही मागायला हवं. बारा वर्षांच्या मुलाच्या मागं तेरा वर्षांची मुलगी कामाला ठेवणारी घरं अजून दिसतात. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं गुन्हा आहे, आणि ज्या वयाला आपण स्वतःच्या मुलासाठी सोबत शोधतो त्याच वयाच्या दुसऱ्या मुलीला सोबत म्हणून राबवणं ही लाजेची गोष्ट आहे. शिवाय जबाबदारी दिली तर अधिकारही द्यावा. ताईनं मोबाइल ठेवायला सांगितला आणि आईनं फोनवरून ‘राहू दे गं पाच मिनिटं’ म्हटलं, की त्या घरात ताईच्या शब्दाला किंमत उरत नाही.

चांगल्या सांभाळणाऱ्याचं काम वर्षागणिक कमी दिसू लागतं. मूल स्वतः कुलूप उघडतं, जेवण गरम करतं, अभ्यासाला बसतं. नेमकं तेव्हाच पालक हिशेब मांडतात, आता मावशींना एवढे पैसे कशाला? मूल एवढं शिकलं, हेच त्यांचं काम होतं. ते फळाला आल्यावर पगार कापणं अन्याय आहे. आणि खरंच गरज संपली असेल तर महिनाभर आधी सांगून, मानानं निरोप द्यावा. माणसांना कसं वागवायचं, हे मूल तेव्हा आपल्याकडून शिकत असतं.