परीक्षेपूर्वीची परीक्षा



खाडीकाठच्या नवी मुंबईत आमच्या ओळखीचे एक गृहस्थ राहतात. त्यांच्या वडिलांनी १९६८ साली घेतलेली एक जीप त्यांच्यापाशी आहे. ह्या जातीच्या गाडीचा इतिहास आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील विलीस व फोर्ड ह्या कंपन्यांनी अशा सहा लाखांहून अधिक गाड्या सैन्यासाठी बांधल्या. युद्ध संपल्यावर मुंबईच्या महिंद्र कंपनीने विलीसच्या परवान्याने त्या आपल्या देशात जोडावयास आरंभ केला. आणि जेथे सडक नव्हती अशा गावांसही डॉक्टर, अंमलदार व शेतकरी त्यांत बसून जाऊ लागले.

ही जीप पुष्कळ वर्षे पत्र्याच्या छपराखाली पडून होती व तिच्या नोंदणीची मुदत केव्हाच सरली होती. आपल्या वृद्ध मातेस हिच्यात बसवून एकदा गावी न्यावे, अशी त्या गृहस्थांची इच्छा होती. म्हणून दोन वर्षे खपून त्यांनी ती दुरुस्त केली. कायदा असा आहे की, खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. पुढे गाडीची तपासणी होऊन ती पाच पाच वर्षांसाठी नवी करून घ्यावी लागते. पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ रूपात राखलेल्या गाड्यांस जुलै २०२१ पासून दुसरीही एक वाट मोकळी झाली आहे. त्यांस 'व्हीए' ह्या अक्षरांचा निराळा क्रमांक मिळतो. परंतु अशी गाडी प्रदर्शनास किंवा जुन्या गाड्यांच्या फेरीस नेता येते, नित्याच्या कामास नेता येत नाही. मातेस गावी न्यावयाचे, म्हणून ह्या गृहस्थांनी पहिलीच वाट धरली.

तपासणीस आठ दिवस उरले असता आम्ही ती गाडी पाहावयास गेलो. हिरवा रंग असा लखलखत होता की, त्यात आपले तोंड दिसावे. इतक्यात एक म्हातारे मिस्त्री लहानशी हातोडी घेऊन गाडीखाली शिरले व सांगाड्यावर जागोजागी ठोकू लागले. धड लोखंड खणखणत होते. मागचा कमानपाटा जेथे सांगाड्यास जोडलेला असतो, तेथे मात्र आवाज बद्द आला. मिस्त्री म्हणाले, "शेठ, इथं लोखंड बोलत नाही." त्यांनी पेचकस टेकवला तो सरळ आत गेला.

जवळ उभा असलेला एकजण म्हणाला, "थोडी पुट्टी भरा, वर काळा रंग मारा, साहेब काही गाडीखाली निजून बघणार नाहीत." गृहस्थ बराच वेळ उगे राहिले. दोन वर्षांचा खर्च, नवा रंग आणि ठरलेला दिवस ही सर्व त्यांच्या डोळ्यांपुढे होती. शेवटी ते म्हणाले, "त्या जागेच्या वरच आई बसणार आहे. कापा."

बंधूंनो, त्या दिवशी आम्ही जे पाहिले त्यातून चार गोष्टी आपणांपुढे ठेवतो.

पहिली ही की, गंज आतून लागतो. सांगाड्यात शिरलेले पाणी निघून जावे म्हणून खाली भोके ठेवलेली असतात. तेथील भोक जुन्या चिखलाने बुजले होते. पाणी आत राहिले, खाडीची खारट हवा त्यास मिळाली, आणि वरून धड दिसणारे लोखंड पोखरले गेले. मनात कोंडलेला राग व न कबूल केलेला अपराध हेही असेच काम करतात. मिस्त्रींनी कुजलेला भाग कापून काढला, तितक्याच जाडीची पट्टी जोडली, रेड ऑक्साईड लावले आणि भोक मोकळे केले. पश्चात्तापाची रीतही हीच आहे. कापल्यावाचून जोडणे नाही. आणि वाट मोकळी केल्यावाचून जोडलेले टिकत नाही.

दुसरी गोष्ट ब्रेकची. ह्या जुन्या जीपमध्ये चारही चाकांच्या ब्रेकचे तेल एकाच मास्टर सिलेंडरातून जाते. एका चाकाशी गळती झाली म्हणजे पायाखालचा दांडा खाली बसतो व चारही चाकांचा ब्रेक जातो. गाडीत हे घडते, तसेच मंडळीत व घरातही घडते. एकाची लबाडी ही त्या एकाचीच राहत नाही.

तिसरी गोष्ट क्रमांकाची. सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने त्याचा ठसा घेतात व तो नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहतात. गंजाने तो पुसट झाला, तर राकेल लावून तारेच्या कुंचीने हळूच साफ करावा; नवा क्रमांक आपल्या हाताने कोरू नये, तो गुन्हा होय. आम्हांसही आमचे नाव देवापासून मिळाले आहे. ते मळले तर धुऊन घ्यावे. दुसऱ्याचे नाव घेऊन मिरवू नये.

चौथी ही की, परीक्षक आपला शत्रु नव्हे. नव्या नेमलेल्या दिवशी निरीक्षकांनी ब्रेक, दिवे, भोंगा, काच पुसण्याचा वायपर, स्टिअरिंगमधील ढिलाई, धुराचा दाखला व विमा ही सर्व पाहिली, आणि मागचा एक दिवा लागेना म्हणून गाडी परत पाठविली. गृहस्थांनी वाद घातला नाही. तार नीट बसवून ते पुन्हा गेले आणि गाडी पास झाली. जे मूल उद्या सडक ओलांडणार आहे, त्याच्या वतीने निरीक्षक विचारीत असतो. आपला दोष दाखविणारा पाळक, शेजारी किंवा पत्नी हीदेखील कोणातरी दुर्बळाच्या वतीने बोलत असतात.

प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रभुभोजनाला येण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला पारखावे असे सांगितले आहे. उपदेशक बंधूंनो, इतरांच्या गाडीवर हातोडी ठोकण्यापूर्वी ती आपल्या सांगाड्यावर ठोकून पाहू या. जेथे आवाज बद्द येईल तेथे रंग लावू नये.

ती माता आता गावी जाऊन आली आहे. नोंदणी पाच वर्षांसाठी मिळाली; तथापि ते गृहस्थ गाडी काढण्यापूर्वी रोज सकाळी ब्रेक दाबून पाहतात. दाखला पाच वर्षांचा असला तरी परीक्षा रोजची आहे. ती रोज करण्याचे धैर्य देवबाप आपणां सर्वांस देवो.