आवडते वाद्य विकावे काय?

मनुष्य आयुष्यात पुष्कळ वस्तू विकतो, आणि त्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत नीतीचा प्रश्न उद्भवत नाही. बदलीचा हुकूम आला की पलंग, कपाट, फ्रीज यांना गिऱ्हाईक पाहावे लागते, हे परप्रांती राहणाऱ्या आम्हां नोकरदारांना कोणी सांगावयास नको. परंतु ज्या वस्तूवर आपण प्रेम केले, ती विकावयाची वेळ आली म्हणजे मन अडखळते. हे अडखळणे म्हणजे निव्वळ मोह, की त्यात काही नैतिक अर्थही आहे, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

या विचाराला निमित्त झाले आहे ते एक विजेवर वाजणारे वाद्य : बेस गिटार. आम्ही कोलकात्यास असताना पूर्वी हॉटेलांतून वाजविणाऱ्या एका वृद्ध वादकाकडून ते घेतले. फेंडर कंपनीने 1970 नंतरच्या दशकात घडविलेले ते प्रिसिजन बेस आहे. आठ वर्षे कचेरीचा शीण आम्ही त्याच्या चार तारांवर उतरविला. आता शिलाँगहून पुन्हा बदली होण्याचा संभव आहे, जागा दोन खोल्यांची आहे, चिरंजीवांच्या शिक्षणाचा खर्च वाढतो आहे, आणि वाद्य मात्र महिनोन्‌महिने पेटीत पडून आहे.

ज्यांनी हे वाद्य पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. पूर्वी पाश्चात्त्य वाद्यवृंदात खर्जाचे काम डबल बेस हे माणसाहून उंच वाद्य करीत असे. ते नेण्याआणण्यास अवघड, आणि इतर वाद्यांच्या गलबल्यात त्याचा आवाज बुडून जाई. 1951 मध्ये कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी लिओ फेंडर यांनी त्याला पर्याय म्हणून गळ्यात अडकवून वाजविता येईल असे वाद्य बाजारात आणले. त्याच्या दांडीवर सतारीप्रमाणे पडदे बसविले होते, त्यामुळे स्वर नेमका लागे. 'प्रिसिजन' हे नाव त्यावरूनच पडले. त्याच्या तारा साध्या गिटारीच्या खालच्या चार तारांहून एक सप्तक खाली लावतात. ऐकणाऱ्याचे लक्ष गायकाकडे असते, बेसकडे क्वचितच जाते. तो थांबला म्हणजे मात्र सारे गाणे एकाएकी पोकळ वाटू लागते. सरकारी कचेरीतील कारकुनाला या वाद्याविषयी आपुलकी वाटली, तर त्यात नवल नाही.

अशा जुन्या वाद्यांचा बाजार मोठा चमत्कारिक आहे. जे वाद्य कोणी फारसे वाजविलेच नाही, ज्याचा रंग, खिळे आणि पिकअप मूळचेच आहेत, त्याला अधिक किंमत येते. ज्याने ते रोज वाजविले, झिजलेले पडदे बदलले, बिघडलेला भाग दुरुस्त केला, त्याच्या वाद्याची किंमत उतरते. म्हणजे प्रेमाची खूण ही बाजाराच्या दृष्टीने उणीव ठरते. याला अपवाद कीर्तीचा. जाको पास्टोरियस या थोर वादकाने आपल्या 1962 सालच्या जाझ बेसचे पडदे काढून टाकले आणि खाचा भरून घेतल्या. सामान्य माणसाने असे केले असते तर वाद्य खराब केले असे म्हटले गेले असते. त्यांच्या हातचे ते वाद्य मात्र अमोल ठरले. यावरून एवढे दिसते, की बाजार प्रेम मोजीत नाही, तो दुर्मिळता आणि नाव मोजतो. याबद्दल बाजाराला दोष देण्याचे कारण नाही, पण त्याच्या मापाने आपल्या प्रेमाचे मोल ठरविण्याचेही कारण नाही. आणि याच न्यायाने, आपल्या आठवणींचा आकार गिऱ्हाइकाकडून वसूल करण्याचाही आपल्याला अधिकार नाही. आठ वर्षांच्या संध्याकाळी आपण भोगून चुकलो. त्यांचे पैसे दुसऱ्याने का द्यावेत?

मग प्रिय वस्तू विकणे हा प्रेमाशी द्रोह आहे काय? खुद्द लिओ फेंडर यांनी आपली कंपनी, आणि तिच्याबरोबर आपल्या आडनावाची मुद्रा, जानेवारी 1965 मध्ये सीबीएस कंपनीस 1 कोटी 30 लाख डॉलरना विकली. प्रकृती ढासळल्यामुळे आपण फार दिवस काढणार नाही असे त्यांना वाटत होते. पुढे ते बरे झाले, आणि 1991 मध्ये निधन होईपर्यंत दुसऱ्या कंपन्यांतून वाद्येच घडवीत राहिले. त्यांचे प्रेम वाद्य घडविण्यावर होते, मालकीवर नव्हते. म्हणून मालकी गेली तरी प्रेम उरले. डेव्हिड गिलमर यांनीही 2019 मध्ये आपली शंभराहून अधिक गिटारे न्यूयॉर्क येथे लिलावात काढली आणि आलेले पैसे पर्यावरणाच्या कामासाठी दिले. त्यामुळे त्यांचे संगीतावरील प्रेम आटले असे कोणी म्हणणार नाही.

आम्हांला वाटते, द्रोह विकण्यात नसून वाद्य मुके ठेवण्यात अधिक आहे. पुस्तक न वाचता फडताळात राहिले तरी त्यातील मजकूर शाबूत राहतो. वाद्याचे तसे नाही. वाजणे हाच त्याचा धर्म, आणि तो पेटीत पाळला जात नाही. प्रेमाने त्याच्यावर आपला हक्क निर्माण होतो असे मानले, तरी ते गप्प बसविण्याचा हक्क त्यात येत नाही.

येथवर विचार सोपा होता. खरी अडचण पुढे आहे. आमच्याकडे दोन गिऱ्हाइके आली आहेत. एक जुन्या वाद्यांचा व्यापारी. तो चांगली किंमत देण्यास तयार आहे, पण वाद्य बहुधा एखाद्या संग्राहकाच्या काचेच्या कपाटात जाईल. दुसरा येथीलच एक खासी तरुण. शिलाँगमध्ये पाश्चात्त्य संगीताची आवड घरोघरी आहे. हा मुलगा रविवारी प्रार्थनामंदिरात आणि इतर वेळी मित्रांच्या वाद्यवृंदात वाजवितो. त्याच्यापाशी निम्म्याहून थोडे अधिक पैसे आहेत.

भावना म्हणते, तरुणास द्या. परंतु या औदार्याचीही तपासणी झाली पाहिजे. आमच्या सौभाग्यवतींनी ती अवघ्या एका वाक्यात केली : "उदार व्हा, पण किती रुपयांचे उदार होता आहात, ते आधी आकड्यात सांगा." वाद्यावर प्रेम आम्ही एकट्याने केले, सोडून द्यावयाचे पैसे मात्र साऱ्या घराचे आहेत. दुसऱ्याच्या वाट्यातून केलेले दान हे दान नव्हे. म्हणून आकडा कागदावर मांडला गेला आणि दोघांच्या संमतीने ठरला : व्यापाऱ्याच्या किमतीहून कमी, पण मुलाच्या आजच्या पैशांहून जास्त, उरलेले त्याने सहा हप्त्यांत द्यावे.

दुसरी तपासणी याहून सूक्ष्म आहे. मुलाने वाद्य घेतले आणि महिन्याभरात त्याच व्यापाऱ्यास नफ्याने विकले तर? 'विकणार नाही' असे वचन घ्यावे, असे क्षणभर मनात आले. परंतु अट घालून विकणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने धरून ठेवणे होय. गिऱ्हाईक निवडणे आपल्या हाती आहे. विक्रीनंतरचा अधिकार ठेवणे हाती नाही आणि नसावेही. ज्या वृद्धाकडून आम्ही वाद्य घेतले, त्याने आम्हांला कोणतीही अट घातली नव्हती. आपला पट्टाही त्याने पेटीत तसाच राहू दिला होता.

एक कर्तव्य मात्र टळत नाही, ते सत्याचे. या वाद्याच्या पिकअपची तार एकदा तुटली होती आणि तिची गुंडाळी नव्याने करवून घ्यावी लागली. बाहेरून ते दिसत नाही, आवाजातही सहसा कळत नाही. तरीही दोघांना ते सांगितले, आणि व्यापाऱ्याने तत्काळ किंमत उतरविली. ज्या वस्तूवर प्रेम केले तिच्याविषयी खोटे बोलून निरोप घेणे, हा आम्हांला खरा द्रोह वाटतो.

आता राहिले सरकार. केंद्रीय नागरी सेवा आचरण नियम, 1964 यांतील अठराव्या नियमाप्रमाणे जंगम मालमत्तेचा व्यवहार दोन महिन्यांच्या मूळ वेतनाहून अधिक रकमेचा असेल, तर महिन्याच्या आत वरिष्ठांना कळवावा लागतो. वस्तूचे वर्णन, किंमत, घेणारा, त्याच्याशी संबंध : सारे काही लिहावयाचे असते. नियम योग्यच आहे. त्यात वस्तू कशी वाजत होती हे विचारलेले नाही, आणि विचारू नये हेही योग्यच. तो हिशेब ज्याचा त्याने ठेवावयाचा असतो.

तेव्हा वाद्य त्या तरुणास देण्याचे ठरले आहे. दुःख होणार नाही असे आम्ही म्हणत नाही. विचार केल्याने दुःख नाहीसे होत असते तर आमच्यासारख्यांना ते कधीच झाले नसते. परंतु दुःख होते एवढ्यावरून कृत्य चुकीचे ठरत नाही. लेक सासरी पाठविताना डोळे भरून येतात, म्हणून कोणी लग्न मोडीत नाही.