चौक, पोटमाळा आणि कचेरीतील हवा

१८९७ च्या पूर्वार्धात पुण्याच्या पेठांत प्लेगने थैमान घातले, तेव्हा वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अधिकाराखाली गोऱ्या सैनिकांच्या तुकड्यांनी घराघरांच्या झडत्या घेतल्या, संशयितांना बाहेर काढले, सामानसुमान जाळले. त्या सक्तीविरुद्धचा संताप २२ जून रोजी रँड यांच्यावर झालेल्या गोळीबारापर्यंत पोहोचला. मात्र प्लेग उंदरांवरील पिसवांच्या दंशाने माणसापर्यंत येतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीतील प्रयोगांतून दाखवले, म्हणजेच वास्तूवर उपचार आधी झाले आणि रोगाची वाट नंतर कळली. बुधवार पेठेतील आजच्या कचेऱ्यांची रचना करताना हा उलटा क्रम पुन्हा घडू नये.

क्षय, गोवर आणि कोविड यांची मुख्य वाट हवा आहे. रुग्ण खोकताना, बोलताना, नुसता श्वास सोडतानाही अतिसूक्ष्म तुषारकण बाहेर पडतात. ते जमिनीवर न पडता बंद खोलीत बराच काळ तरंगत राहतात. २०२० मध्ये मात्र मेजे पुसण्यावर आणि काचेच्या आडोशांवर अधिक भर राहिला. त्याच वर्षी मार्चमध्ये दक्षिण कोरियातील सोल येथे एका इमारतीच्या अकराव्या मजल्यावरील कॉल सेंटरमध्ये २१६ जणांपैकी ९४ जण बाधित झाले. उद्वाहन आणि प्रवेशदालन सर्वांना सामाईक असूनही इतर मजल्यांवर साथ जवळपास पसरली नाही. क्षणभराच्या जवळिकीपेक्षा तासन्‌तास एकाच हवेत बसणे अधिक घातक ठरते, असाच या घटनेचा अर्थ लावावा लागतो.

अप्पा बळवंत चौक, तपकीर गल्ली आणि तुळशीबाग यांच्या आसपासच्या अनेक कचेऱ्या दुकानांच्या मागे, जिन्याखाली किंवा पोटमाळ्यावर थाटलेल्या असतात. जुन्या वाड्यात मोकळ्या चौकाभोवती ओसरी आणि पडवी असल्यामुळे हवेला ये-जा करायला जागा मिळे. वाडा सर्वार्थाने निरोगी होता असे मात्र म्हणता येत नाही, कारण त्याच वाड्यातील अंधारे माजघर आणि बाळंतिणीची कोंदट खोली क्षयासारख्या रोगाला पोषकच होती. नव्या बांधकामात चौक आक्रसून इमारतीची ‘डक्ट’ झाला, खाली आणलेल्या कृत्रिम छताने खोलीतील हवेचे घनफळ घटवले, आणि स्प्लिट एसीने खिडकी कायमची बंद केली. हे यंत्र खोलीतीलच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडते. बाहेरची ताजी हवा ते आत आणत नाही, ही साधी गोष्ट फार थोड्या मालकांना ठाऊक असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये कचेऱ्यांसारख्या जागांसाठी माणशी दर सेकंदाला किमान १० लिटर ताज्या हवेची शिफारस केली. ती पोहोचते की नाही, याचा अंदाज कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या छोट्या उपकरणाने घेता येतो: बाहेरच्या हवेत दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असणारा हा वायू माणसे बसलेल्या खोलीत सतत हजारापलीकडे राहिला, तर इतरांनी सोडलेला श्वासच पुन्हा घेतला जात आहे असे समजावे. पेरूतील लिमा येथील रुग्णालयांच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या खोल्यांतील हवा दारे-खिडक्या उघडल्यावर तासाला सुमारे ४० वेळा बदलत होती, तर यांत्रिक वायुवीजन असलेल्या खोल्यांत ती १२ वेळा बदलेल असे गृहीत होते.

तरीही लक्ष्मी रस्त्यालगतच्या कचेरीला ‘खिडकी उघडा’ एवढाच सल्ला देणे हा तिथे दिवसभर काम करणाऱ्या माणसांवर अन्याय आहे, कारण गोंगाट, धूळ आणि वाहनांचा धूर त्याच खिडकीतून आत येतो. एसीच्या बाह्य यंत्रांनी तापलेल्या डक्टमधून हवा घेणेही चुकीचे आहे. गच्चीवरून गाळणी लावलेल्या नळाने हवा खाली आणावी, विरुद्ध बाजूच्या भिंतीत ती बाहेर फेकणारा पंखा बसवावा, आणि पोटमाळ्यावर हेही शक्य नसेल तर अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा गाळणीचे शुद्धीकरण यंत्र अखंड चालू ठेवावे. अर्थात ते कण कमी करते, ताजी हवा पुरवत नाही. पगार कापला जाण्याच्या भीतीने ताप अंगावर काढत कामावर येणारा मदतनीस असेल, तर यांतील कोणतीही योजना अपुरी पडते, म्हणून आजारपणाची भरपगारी रजा हाही या रचनेचाच भाग मानला पाहिजे. पेठेतील वाडे आज एकामागून एक पुनर्विकासाला जात असताना वास्तुविशारदाच्या नकाशावर पाण्याच्या आणि विजेच्या मार्गांबरोबर हवेच्या येण्या-जाण्याचा मार्गही आखला जायला हवा. भिंती उभ्या राहण्याआधी तो फार थोड्या खर्चात बसतो.