उघडे दार आणि अपुरा न्याय

एखाद्या संस्थेने आपले दार सर्वांसाठी उघडे ठेवले, कोणाचा वर्ण, ऐपत वा मागील गुण न पाहता प्रत्येकास आत घेतले, म्हणजे तिचे नैतिक कर्तव्य संपले काय? आत आलेला विद्यार्थी अर्ध्या वाटेवरून निमूटपणे निघून गेला, तर त्याचा दोष केवळ त्याच्याच माथी मारता येईल काय? हा प्रश्न वरवर शिक्षणशास्त्राचा वाटला तरी मुळात तो न्यायाचा आहे. त्याचा विचार करण्यासाठी आम्ही अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांचे उदाहरण घेत आहोत. दार उघडे ठेवण्याचा एवढा मोठा आणि दीर्घ प्रयोग जगात क्वचितच झाला असेल.

इलिनॉय राज्यातील जोलिएट ह्या गावी १९०१ साली एका हायस्कूलच्या आधाराने, अवघ्या सहा विद्यार्थ्यांवर, दोन वर्षांचे कॉलेज सुरू झाले. तेथील सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांत ते सर्वांत जुने मानले जाते. पुढे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ साली अशी कॉलेजे देशभर, लोकांच्या घराजवळ उभी राहावीत अशी शिफारस केली आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले. १९६० साली कॅलिफोर्नियाने आपल्या उच्च शिक्षणाची आखणी केली. वरच्या एक अष्टमांश विद्यार्थ्यांना मुख्य विद्यापीठात, वरच्या एक तृतीयांशांना राज्य महाविद्यालयांत आणि शिक्षणाचा लाभ घेऊ शकेल अशा प्रत्येकास कम्युनिटी कॉलेजात प्रवेश, अशी ती योजना होती. तळाशी राहिलेल्यांनी दोन वर्षे शिकावे आणि मग विद्यापीठात जाऊन पूर्ण पदवी मिळवावी, असे तिचे आश्वासन होते. आज त्या देशात अशी सुमारे एक हजार कॉलेजे आहेत. नोकरी करून शिकणारे, लेकुरवाळ्या स्त्रिया, स्थलांतरितांची मुले, घराण्यात प्रथमच कॉलेजची पायरी चढणारे, असे सारे तेथे येतात.

मग आश्वासनाचे काय झाले? तेथे पाऊल ठेवणाऱ्या शंभरांपैकी सुमारे ऐंशी जणांच्या मनात पूर्ण पदवीची इच्छा असते. प्रत्यक्षात सुमारे एक तृतीयांश विद्यार्थीच पुढे विद्यापीठात जातात आणि सहा वर्षांच्या आत पदवी हाती पडते ती सुमारे सोळा जणांच्या. गरीब, कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी घरांतील मुलांचे प्रमाण त्याहूनही कमी. दार सर्वांना एकच, परंतु पलीकडे पोहोचणारे मात्र बहुधा तेच, ज्यांच्यासाठी इतर दारेही उघडीच होती.

आता दोषी शोधू गेल्यास नवल वाटते, कारण दोषी कोणीच सापडत नाही. शाळा म्हणते, आम्ही अभ्यासक्रम पूर्ण केला. कॉलेज म्हणते, मुलांचे गणित कच्चे आहे, म्हणून आम्ही त्यांना पूर्वतयारीच्या वर्गात बसवतो. विद्यापीठ म्हणते, त्यांचे विषय आमच्या विषयांशी जुळत नाहीत, म्हणून आम्ही ते धरत नाही. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे. तरीही मूल पडते, आणि ते पडते दोन संस्थांच्या मधल्या त्या मोकळ्या जागेत, जेथे कोणाचीच हद्द नाही.

पूर्वतयारीच्या वर्गांचेच पाहा. एकामागून एक असे तीन वर्ग नेमले आणि प्रत्येक टप्प्यावर शंभरांतील सत्तर जण पुढे सरकले असे धरू. सत्तर ही संख्या काही वाईट नव्हे. पण पहिल्या टप्प्यानंतर सत्तर, दुसऱ्यानंतर एकोणपन्नास आणि तिसऱ्यानंतर चौतीसच उरतात. मूळ अभ्यासक्रमाचा श्रीगणेशा तर अजून व्हायचाच असतो! ह्यात कोणी शिक्षक आळशी नाही, कोणी विद्यार्थी मूर्ख नाही. गळती त्या रचनेतच आहे. विद्यापीठात बदली होतानाही असेच घडते. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ साली दाखवून दिले की, २००४ ते २००९ ह्या काळात एका संस्थेतून दुसरीत गेलेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक वाया गेले. शिकलेले पुन्हा शिकायचे आणि त्याचे पैसेही पुन्हा भरायचे.

ह्याहून गंभीर गोष्ट समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९६० सालीच लिहून ठेवली आहे. त्यांच्या निरीक्षणाप्रमाणे अशी कॉलेजे विद्यार्थ्याला उघड नकार देत नाहीत. चाचण्या, सल्ले आणि सौम्य सूचना यांतून ती त्याची आकांक्षा हळूहळू थंड करतात. शेवटी तो स्वतःच म्हणतो, ‘माझीच कुवत नव्हती.’ आमच्या मते अन्यायाचा सर्वांत निर्दय प्रकार हाच, कारण ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच येथे अपराधी वाटू लागते.

ॲरिस्टॉटलने न्यायाची चर्चा करताना एक भेद स्पष्ट केला होता. समानांना असमान वाटा देणे हा जसा अन्याय, तसाच असमानांना समान वाटा देणे हाही अन्यायच. सर्वांना एकच वेळापत्रक, एकच फी आणि एकच अर्ज देणे ही समान वागणूक झाली. ज्याच्या खिशात बसभाडे नाही, ज्याच्या घरी अर्ज वाचून सांगणारे कोणी नाही, त्याला ती न्याय्य वागणूक ठरत नाही. पाप जसे कृतीने घडते तसे कर्तव्य टाळल्यानेही घडते, हे आपण जाणतो. पण टाळलेले ते कर्तव्य दहा जणांत वाटले गेले असेल तर कोणाच्याच विवेकाला टोचणी लागत नाही. म्हणूनच सहकार्य ही केवळ सोयीची गोष्ट नव्हे, ते नैतिक कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते. जेथे हानी मधल्या जागेत होते, तेथे ती जागा सर्वांनी मिळून आपली मानल्यावाचून तिचे निवारण होत नाही.

असे केल्याने काय साधते, ह्याचे दाखले आहेत. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ साली आपल्या कम्युनिटी कॉलेजांत एक योजना सुरू केली. पूर्णवेळ शिकण्याच्या अटीवर फीमधील तूट भरून देणे, प्रवासाचा पास, पुस्तकांचा खर्च आणि मोजक्याच विद्यार्थ्यांची काळजी वाहणारा, वरचेवर भेटणारा सल्लागार, एवढेच तिचे स्वरूप. पूर्वतयारीची गरज असलेल्या गरीब विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट करून पडताळणी झाली. तीन वर्षांत नेहमीच्या गटातील २२ टक्के विद्यार्थ्यांनी, तर योजनेतील ४० टक्के विद्यार्थ्यांनी दोन वर्षांची पदवी मिळवली. फ्लोरिडात व्हॅलेन्सिया कॉलेज आणि सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठ यांनी २००६ साली करार केला, त्यामुळे कॉलेजची पदवी घेणाऱ्याला विद्यापीठातील प्रवेशाची हमी मिळू लागली. टेनेसी राज्याने २०१५ पासून पूर्वतयारीचे वर्ग आधी न ठेवता मूळ विषयाच्या जोडीनेच घेण्यास आरंभ केला. कॅलिफोर्नियाने २०१७ साली कायदा करून, शाळेतील गुण लक्षात घ्यावेत आणि विद्यार्थ्यास पूर्वतयारीत विनाकारण अडकवू नये, असे कॉलेजांवर बंधन घातले.

येथे कोणी विचारील, ‘अशाने मुले परावलंबी होणार नाहीत काय? कष्टाची किंमत राहील काय?’ आक्षेप रास्त आहे, त्याला बगल देऊ नये. पण न्यूयॉर्कच्या योजनेत परीक्षा कोणी सोपी केली नाही. उलट पूर्णवेळ अभ्यासाची आणि सल्लागारास भेटण्याची अटच घातली. अभ्यास विद्यार्थ्यालाच करायचा होता. दूर केले ते अभ्यासाशी काहीही संबंध नसलेले अडथळे. बसचा पास नसणे ही काही बुद्धीची कसोटी नव्हे. खर्चाचे म्हणाल तर दर विद्यार्थ्यामागे तो वाढला, परंतु उत्तीर्ण होणारे इतके वाढले की दर पदवीमागचा खर्च कमीच भरला.

दुसरा धोका मात्र खरा आहे. सहकार्याच्या नावाने समित्या नेमल्या जातात, करारांवर सह्या होतात, छायाचित्रे निघतात आणि मधली जागा तशीच ओस राहते. खऱ्या सहकार्याची खूण एकच. प्रत्येक संस्था आपल्या अधिकाराचा थोडा भाग सोडते. विद्यापीठ दुसऱ्याने शिकवलेले मान्य करते. कॉलेज आपल्या चाचणीपेक्षा शाळेच्या शब्दाला मान देते. ज्यात कोणालाच काही सोडावे लागत नाही, त्या सहकार्यातून विद्यार्थ्यालाही काही मिळत नाही.

ही कल्पना आपल्यालाही परकी नाही. पुदुच्चेरी विद्यापीठाने १९९५ साली आणि मद्रास-मैलापूर महाधर्मप्रांताने १९९६ साली अशी कॉलेजे सुरू केली, ती मुख्यतः शिक्षणाच्या प्रवाहाबाहेर पडलेल्यांना कामाचे कौशल्य देण्यासाठी. प्रवेश दिलेल्यांची संख्या आपण अहवालात अभिमानाने छापतो. त्याच पानावर, मध्येच निघून गेलेले किती आणि ते कोणत्या घरांतले, हेही छापावे. ते कोठे गळाले हे शाळा, कॉलेज आणि पालक यांनी एकत्र बसून शोधावे. न्यायाचे मोजमाप आत घेतलेल्यांवरून पुरते होत नाही. दुसऱ्या दाराने पदवी घेऊन कोण बाहेर पडले, ते पाहावे लागते.