मुलांच्या शेजारी बसून

२०१६ साली एप्रिलच्या अखेरीस नागराज मंजुळे यांचा 'सैराट' प्रदर्शित झाला आणि आमच्या सोलापूर जिल्ह्यास आपलाच चेहरा पडद्यावर दिसला. दिग्दर्शक करमाळा तालुक्यातील जेऊरचे, नायिका अकलूजची, विहिरी, उसाचे फड आणि बोलीही इकडचीच. त्या उन्हाळ्यात त्यातील गाण्यांवाचून क्वचितच एखादी वरात निघाली असेल. आमच्या धर्मग्रामाच्या स्नेहमेळाव्यातही मुलांनी त्यावर नाच बसविला आणि आम्ही पालकांनी टाळ्या वाजविल्या. आमची दहा वर्षांची कन्या पुढच्या रांगेत होती. चित्रपट पाहण्यास मात्र आम्ही तिला साफ मनाई केली. अखेरीस त्या तरुण जोडप्याची जातीच्या अभिमानापोटी हत्या होते आणि त्यांचे लहानगे मूल रक्ताची पावले उमटवीत घराबाहेर पडते, हे आम्ही उभयतांनी पाहिले होते. गाणे चालते, शेवट चालत नाही, असा आमचा निवाडा होता. त्यातील विसंगती तेव्हा आमच्या ध्यानातही आली नाही.

पुढल्या वर्षी कळले की, तिने तो एका मैत्रिणीच्या घरी मोबाईलवर पाहिला होता. कित्येक रात्री तिला धड झोप लागली नव्हती, आणि आमची आज्ञा मोडली म्हणून ते आम्हांस सांगण्याचीही चोरी झाली होती. मनाई चुकीची होती असे आम्ही आजही म्हणणार नाही. तो शेवट दहा वर्षांच्या मुलासाठी नव्हे. आम्ही मनाई करून मोकळे झालो, ही चूक. ज्यापासून लेकरास वाचविले असे आम्ही समजत होतो, त्यास ते एकटेच सामोरे गेले.

ख्रिस्तसभेने या प्रश्नाचा विचार फार पूर्वीच आरंभिला आहे. बोलपट येऊन दहा वर्षेही झाली नव्हती, तेव्हा १९३६ साली पोप अकरावे पायस यांनी चित्रपटांवर स्वतंत्र परिपत्रक काढले. त्यातील सूर सावधगिरीचा होता. पण चांगल्या चित्रपटाचे सामर्थ्यही त्यात मान्य केले होते. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये संपर्कसाधनांविषयी जो आदेश प्रसिद्ध केला, त्यात आईबापांना बजावले आहे की श्रद्धेस व नीतीस बाधक असे काही घरात येऊ नये, याची दक्षता त्यांनी घ्यावी. हे वाक्य आपल्याकडे प्रवचनांतून पुष्कळदा ऐकू येते. त्याच आदेशात हेही मान्य केले आहे की, संयमाने केलेले पापाचे चित्रण माणसाची अधिक खोल ओळख करून देऊ शकते. हे वाक्य मात्र फारसे कानी पडत नाही! १९९५ मध्ये चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने ४५ उल्लेखनीय चित्रपटांची यादी केली, तीत 'गांधी' होता आणि ज्यूंच्या संहाराचे चित्रण करणारा 'शिंडलर्स लिस्ट'ही होता.

आपल्या जवळचेच उदाहरण घ्यावयाचे तर व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा 'दो आँखें बारह हाथ'. सहा खुनी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक जेलर, एवढेच त्याचे कथानक. त्यामागे औंध संस्थानातील स्वतंत्रपूर या खुल्या कारागृहाचा प्रयोग होता. ते आटपाडीजवळ, म्हणजे आमच्या सांगोल्याहून फार दूर नाही. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटास रौप्य अस्वल तर मिळालेच, शिवाय आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेचा पुरस्कारही मिळाला. पडद्यावर खुनी आहेत म्हणून त्या परीक्षकांनी नाक मुरडले नाही.

प्रभू येशूने सांगितलेल्या दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यातही लुटारू आहेत, मारहाण आहे, रस्त्याकडेला अर्धमेला पडलेला माणूस आहे. हे लहान मुलांना सांगू नये असे कोणी म्हणत नाही, कारण ऐकणाऱ्याचे मन त्या जखमी माणसापाशी नेऊन थांबविले जाते. चित्रपट निवडताना आम्ही आता हेच पाहू लागलो आहोत की, तो आमच्या मुलांना कोणाच्या शेजारी उभे करतो. या कसोटीवर कित्येक 'सहकुटुंब' विनोदी चित्रपट नापास होतात, कारण त्यांत तोतऱ्यास, स्थूल बाईस, काळ्या वर्णाच्या मुलीस हसावयाचे असते. (हिंदी चित्रपटांनी वर्षानुवर्षे आपल्या नावांची माणसे दारूडी किंवा खलनायकाच्या अड्ड्यावर नाचणारी दाखविली, तेव्हा आपणही हसलोच की!) नोव्हेंबर २०२४ पासून परिनिरीक्षण मंडळ प्रमाणपत्रावर सात, तेरा, सोळा असे वयाचे टप्पे छापू लागले आहे. त्याचा उपयोग आहेच. पण प्रमाणपत्र मुलाच्या शेजारी येऊन बसत नाही.

म्हणून गेल्या वर्षी मंजुळे यांचाच २०१४ साली प्रदर्शित झालेला 'फँड्री' आम्ही चौघांनी घरी एकत्र पाहिला. धाकटा तेव्हा तेरा वर्षांचा होता. कैकाडी समाजातील जब्या, डुकरे पकडावयास त्यास सोबत नेणारा बाप, आणि तो तमाशा पाहत खिदळणारी शाळेतील मुले. डुक्कर हाती येणार इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते, तेथे धाकटा प्रथम हसला आणि लगेच गप्प झाला. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकांच्या अंगावर येतो.

"पण आपण काय केलं त्याला?" धाकट्याने विचारले.

जातिभेद, राज्यघटना, ख्रिस्तात सर्व एक, असे उत्तर आम्ही जुळवीत होतो. तेवढ्यात कन्या म्हणाली, "बाबा, परवा चुलत्यांनी दादासाठी स्थळ सांगितलं, तेव्हा तुम्ही पहिला प्रश्न काय विचारलात?"

आम्ही विचारले होते, मंडळी मूळची कोणत्या समाजातली? मुलगी कॅथलिक, शिकलेली, दर रविवारी मिस्सेला येणारी, हे सारे सांगून झाल्यावर विचारले होते. चुलतभावाने अडखळत उत्तर दिले होते, आणि त्यावर आम्ही "बघू" म्हणालो होतो.

दूरदर्शन संच बंद करून आम्ही बराच वेळ तसेच बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भावाला फोन केला. तो म्हणाला, मुलीकडच्यांनी आता दुसरे स्थळ पाहिले आहे.