शीण स्वभावाचा की पाळीचा?

एकाच पाळीत, एकाच यंत्रावर राबलेले दोन कामगार. एक घरी जाऊन जेवतो आणि झोपतो. दुसऱ्याच्या मनात मात्र व्हॉल्व्ह नीट बंद केला का, हाच घोर रात्रभर राहतो. फरक स्वभावाचा आहे, हे मान्य करायला हवं. काळजी करणाऱ्या माणसाचं शरीर काम सुटल्यावरही सावध राहतं, झोप उथळ लागते आणि तेवढ्याच कामाचा शीण त्याला जास्त होतो.

पण काळजी काही हवेतून येत नाही. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस आणि २३ मे २०२४ रोजी अमुदान कंपनीत स्फोट झाले, माणसं गेली. तिथल्या रासायनिक कारखान्यात काम करणाऱ्याची धास्ती हा स्वभावदोष कसा म्हणायचा? उलट, तपासलेलं पुन्हा तपासणाऱ्या अशा माणसांमुळेच बाकीचे सुरक्षित राहतात.

अमेरिकी संशोधक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं, की कामाचा रेटा मोठा आणि काम कसं करायचं हे ठरवण्याची मुभा थोडी, तिथे ताण सर्वाधिक असतो. दर आठवड्याला बदलणारी पाळी, ऐन वेळी गळ्यात पडणारी डबल ड्युटी, ठेकेदाराच्या शब्दावर टिकलेली नोकरी, यांत कामगाराच्या हाती काय उरतं? त्यात रात्रपाळीनंतर, दिवसाच्या गोंगाटात, शरीराच्या घड्याळाविरुद्ध झोपायचं.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या कामाची रोजची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. ओव्हरटाइमसाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असंही ठरलं. स्वभावाचा प्रश्न खरा इथे येतो. भिडस्त, कामसू, घरच्या हप्त्यांनी बांधलेला कंत्राटी कामगार सुपरवायझरसमोर नकार देईल का? ज्याला विसावा सर्वांत गरजेचा, त्याचीच सही सर्वांत आधी मिळेल.

ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागितली. १० जून १८९० रोजी ती मिळाली, ती सरसकट सगळ्यांना. कणखर कोण, हळवा कोण, हे कुणी पाहिलं नाही. आजही तसंच हवं. कामगाराला मन खंबीर करायला जरूर शिकवा, पण त्याआधी पाळीचं वेळापत्रक महिनाभर आधी लावा, दोन पाळ्यांमध्ये पुरेशी झोप होऊ द्या, आणि नकार देणाऱ्याची नोकरी शाबूत ठेवा.